बाईंचं अक्षर

सभा अकराची होती, आणि साडेदहाला पंपाने मान टाकली. आई गेल्यापासूनच्या पाच आठवड्यांत हे तिसऱ्यांदा होत होतं. थोरलीने बाह्या वर सारल्या, जिन्याखाली वाकून झाकण उघडलं आणि पान्याच्या मागच्या टोकाने दोन ठोके दिले. तिसऱ्याला पंप गुरगुरला.

"असं शहाण्यासारखं वागावं," ती त्याला म्हणाली. घरच्या माणसांशी असं बोलायची सोय तिला कधी मिळाली नव्हती.

चोवीस खोल्यांना पाणी चढल्याचा आवाज ऐकून मगच ती हात धुवायला गेली. मोठ्या इस्पितळातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की ही तीन मजली इमारत. वडील त्या इस्पितळात कंपाउंडर होते. पेशंट आत खाटेवर आणि त्याचे नातेवाईक बाहेर पायऱ्यांवर झोपलेले, हे त्यांना बघवेना, म्हणून ते एकेकाला घरी आणू लागले. आईने आधी आदळआपट केली, मग अंथरुणं घातली, आणि पुढे चाळीस वर्षं सगळा कारभार तिनेच हाकला. वडील गेल्यावर ती संस्थेची अध्यक्ष झाली. बाहेरच्या जगासाठी ती 'बाई' होती. आज तिच्या रिकाम्या खुर्चीत कोण बसणार ते ठरायचं होतं.

थोरलीला ती खुर्ची हवी होती. वय छप्पन्न, उजवा खांदा कायमचा दुखरा, पहाटे पाचला बॉयलर लावण्यापासून रात्रीच्या हजेरीपर्यंत सगळं तिच्याच डोक्यावर, आणि कागदोपत्री तिचं पद काय, तर 'सदस्य'. एकदा तरी दारावरच्या पाटीवर आपलं नाव यावं, एवढंच तिच्या मनात होतं. ते तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. नवऱ्याने ते ओळखलंच होतं. तो घड्याळं दुरुस्त करायचा, बारीक गोष्टी त्याच्या नजरेतून सुटत नसत.

"आज तरी दिवसाउजेडी घरी ये," सकाळी तो म्हणाला होता.

"बघते."

"तुझं ते 'बघते' मला तीस वर्षं पाठ आहे," असं म्हणून त्याने भिंग डोळ्याला लावलं होतं.

ऑफिसच्या खोलीत किल्ल्यांच्या फळीखाली लांब टेबल होतं. शेजारच्या खोलीत चादरी धुतल्या जायच्या, त्यामुळे बोलताना यंत्राच्या घरघरीवर आवाज चढवावा लागे. टेबलाच्या खणात आईचं शाईचं पेन होतं, आणि पेनाखाली एकसष्ट पावत्या. एकसष्ट देणगीदारांना पत्रं जायची राहिली होती.

ही पत्रं म्हणजे संस्थेचा प्राण. वडिलांचा दंडक असा, की देणगी एक रुपयाची असो की लाखाची, आठ दिवसांच्या आत बाईंच्या हातचं पत्र गेलंच पाहिजे, आणि त्यात त्या आठवड्यातली एक तरी खरी गोष्ट असली पाहिजे. चार नंबरच्या माणसाचं ऑपरेशन झालं, त्याच्या बायकोने आज पहिल्यांदा पोटभर खाल्लं, असलं काहीतरी. छापील आभार चालणार नाहीत. लोक ती पत्रं जपून ठेवत आणि पुढच्या वर्षी पुन्हा पैसे पाठवत. या चोवीस खोल्या अशा पत्रांवर उभ्या राहिल्या होत्या.

आणि गेली सहा वर्षं ती पत्रं थोरली लिहीत होती. आईचा हात थरथरायला लागला, एका सकाळी शाईने तीन कागद खराब झाले, तेव्हा आई म्हणाली, "आजच्या दिवस तू लिही. माझ्यासारखं काढ. तू चित्रकलेची मास्तरीण ना?" थोरली तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायची. तिने हुबेहूब काढलं. दुसऱ्या दिवशीही आजच्या दिवसच होता. वर्षभरात शाळा सुटली. आईचा दिवस काही संपला नाही. दुसरी कुठली संस्था असती तर साधं टाइप करून मोकळी झाली असती. पण या घराला वडिलांचा नियम मोडण्यापेक्षा खोटं अक्षर काढणं सोपं वाटलं, त्याला कोण काय करणार? धाकट्या भावालाही हे माहीत नव्हतं. आई गेल्यावर मात्र थोरलीची हिंमत झाली नाही. मेलेल्या माणसाच्या अक्षरात पत्र कसं पाठवणार?

अकराला पाचजण जमले. थोरली, धाकटा, धाकट्याची वकील बायको, इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रन आणि कुलूपवाले. कुलूपवाल्यांचा कुलपांचा कारखाना होता. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको समोरच्या इस्पितळात चाळीस दिवस होती. दारात गाडी असलेला हा माणूस तिच्या जवळ राहायला मिळावं म्हणून बारा नंबरच्या खोलीत साध्या खाटेवर झोपला. ती वाचली नाही. तेव्हापासून ते विश्वस्त होते, आणि आता इमारतीवर चौथा मजला बांधून देणार होते.

"मी सरळच बोलतो," धाकट्याने सुरुवात केली. तो कंपन्यांना सल्ला द्यायचा आणि घरातही तसंच बोलायचा. "आई होती तोवर ठीक होतं. आता पगारी व्यवस्थापक आणू, बाहेरचा. अध्यक्ष तीन वर्षांनी बदलायचा. विश्वस्तांत निम्मे तरी घराबाहेरचे हवेत. उद्या ताई आजारी पडली तर पंप कोण चालू करणार, हेसुद्धा आपल्याकडे कुठे लिहिलेलं नाही."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. त्याच्याशी भांडण्यात हीच मोठी अडचण असे.

"पंप ताईच चालू करेल," मेट्रन म्हणाल्या. "तिला आजारी पडायला वेळ आहे कुठे? उगीच फाटे फोडू नकोस. माझं मत थोरलीला."

"माझंही," कुलूपवाले म्हणाले. "आणि मजल्याबद्दल माझं एकच मागणं. बाईंच्या घरातलं माणूस त्या खुर्चीत हवं आणि पत्रं चालू राहायला हवीत. मी विटांना पैसे देत नाही, त्या पत्रांना देतो."

थोरलीने वकिलीणबाईंकडे पाहिलं. आदल्या दिवशी फोनवर ती म्हणाली होती, "ताई, नवऱ्याच्या विरुद्ध हात वर करायची संधी मी सोडेन का?" म्हणजे तीन मतं झाली. थोरलीला क्षणभर खांदाही हलका वाटला.

वकिलीणबाईंनी बॅगेतून एक पाकीट काढलं. कडा डिंकाने चिकटवलेल्या होत्या.

"माफ करा ताई. माझं मत द्यायच्या आधी हे उघडावं लागेल. आठ महिन्यांपूर्वी सासूबाईंनी दिलं होतं. नवा अध्यक्ष निवडायच्या सभेत सगळ्यांसमोर वाच, आधी कुणाला बोलू नकोस, म्हणाल्या. मीही आत काय आहे ते पाहिलेलं नाही."

"मलाही नाही सांगितलंस?" धाकटा म्हणाला.

"तुला तर नाहीच."

तिने पाकीट फाडलं. कागद एकच होता. ती मोठ्याने वाचू लागली, आणि दुसऱ्या वाक्याला तिचा आवाज पडला.

"थोरलीला अध्यक्ष करू नका. बाहेरचं माणूस आणा आणि त्याला पगार द्या. तिला विचारू नका. ती हो म्हणेल. तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून तिच्या वतीने तुम्ही म्हणा."

शेजारच्या खोलीत यंत्र थांबलं होतं. थोरलीचे कान गरम झाले. पहिल्या वाक्यानंतरचं तिच्या डोक्यात शिरलंच नाही. इतकी वर्षं जिला उठवलं, बसवलं, भरवलं, तिने जाता जाता, चारचौघांत वाचायला लावून, आपल्याला नाही म्हटलं. तिला आईचा राग आला. इतका, की आई समोर असती तर ती बोलली असती. निदान तिला तसं वाटलं.

"बघू," कुलूपवाल्यांनी कागद घेतला. अक्षरं वेडीवाकडी होती. प्रत्येक ओळ उजवीकडे पोचेपर्यंत दोन बोटं खाली घसरली होती, एका ठिकाणी पेनाने कागद फाटला होता. त्यांनी आपल्या बॅगेतून पत्रांचा गठ्ठा काढला आणि एक पत्र शेजारी ठेवलं. मोत्यासारखं अक्षर. आंधळ्यालाही फरक कळला असता.

"हे बाईंचं नाही," ते म्हणाले.

"आई आजारी होती," धाकटा म्हणाला.

"हे बघा तारीख. त्याच महिन्यातलं पत्र आहे माझ्याकडे. आठ महिन्यांपूर्वीचं. एक रेघ हललेली नाही." त्यांनी चष्मा काढला. "साहेब, कुलपं करण्यात माझं आयुष्य गेलं. बनावट किल्ली मला हातात घेताच कळते. बाहेरचा माणूस कुणाला हवा आहे, ते तुम्ही आत्ताच सांगितलंत. आणि पाकीट कुणाच्या बॅगेतून आलं, तेही आम्ही पाहिलं."

"शब्द जपून वापरा," वकिलीणबाई ताडकन म्हणाली. नवऱ्याच्या विरुद्ध हात वर करायला निघालेली ती, आता खुर्ची सरकवून त्याच्या बाजूला जाऊन बसली.

"मलाही दर वाढदिवसाला पत्र यायचं," मेट्रनचे डोळे भरले. "त्यांचा हात मी ओळखत नाही का? अरे, आईच्या मागे असं करायचं? लाज नाही वाटली?"

धाकटा पन्नाशीचा होता, केस पिकले होते, पण त्याचा चेहरा लहानपणी काच फोडल्याचा खोटा आळ आला होता तेव्हासारखाच झाला. तेव्हाही तो थोरलीकडेच वळला होता.

"ताई, तू सांग ना यांना. तू रोज होतीस तिच्यापाशी. हे तिचं अक्षर आहे की नाही?"

सगळे थोरलीकडे बघू लागले.

तिने कागद जवळ ओढला. तो कुणी लिहिला हे ओळखायला तिला एक क्षणही लागला नव्हता. औषधाच्या बाटलीवर वेळ लिहिताना, वर्तमानपत्राच्या कडेला आपलंच नाव गिरवून बघताना, आईचा हात असाच चालायचा. हे अक्षर या खोलीत फक्त थोरलीने पाहिलं होतं. आणि बाईंचं म्हणून जे सगळ्यांना पाठ होतं, ते तिचं होतं.

गप्प राहिलं की झालं. खुर्ची मिळेल, पाटी मिळेल, वर चौथा मजला. धाकट्यावर मात्र कायमचा डाग बसेल. आणि उद्यापासून पुन्हा पत्रं, कुणाच्यातरी अक्षरात.

तिने कागद पुन्हा वाचला. या वेळी शेवटपर्यंत. तिला विचारू नका. ती हो म्हणेल. फाटलेली जागा 'हो'पाशीच होती. तिथे पेन कितीदा टेकलं, कितीदा घसरलं, ते दिसत होतं. ही एवढी चार वाक्यं लिहायला आईला निदान एक दुपार लागली असेल, आणि तीसुद्धा थोरली चादरी मोजत असताना, चोरून. शाळा सोडताना आईने 'तुला चालेल ना?' असं विचारलं होतं, आणि थोरली हो म्हणाली होती. ते उत्तर खरं नव्हतं हे आईला ठाऊक होतं तर.

तिला रडू आलं नाही. न्याय, सत्य असलं काही मोठं मनात आलं असंही नाही. फक्त खूप दमल्यासारखं झालं. आणखी एक खोटं उचलून पुढे न्यायला तिच्या खांद्यात बळ उरलं नव्हतं.

तिने खणातून पेन काढलं, विषयपत्रिका उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं. 'आपली देणगी पोचली. सप्रेम नमस्कार.' कागद कुलूपवाल्यांपुढे सरकवला.

मोत्यासारखं अक्षर. शाई अजून ओली होती.

"पत्रं मी लिहायचे," ती म्हणाली. "सहा वर्षं. धाकट्याला माहीत नव्हतं, हिलाही नव्हतं. या पाकिटातलं आहे ना, ते आईचं. तुम्ही ज्याला बनावट म्हणताय तेच खरं आहे."

मेट्रन तोंडावर हात ठेवून बसल्या. धाकटा काहीतरी बोलणार होता, बायकोने त्याचा हात दाबला.

कुलूपवाल्यांनी खिशातून पैशांचं पाकीट काढलं. त्यात प्लॅस्टिकमध्ये घातलेला, घड्यांवर झिजलेला एक कागद होता. त्यांनी तो उलगडला नाही, नुसता हातात धरला.

"हे?"

"बारा नंबरची किल्ली तुमच्याकडे राहिली आहे," थोरली टेबलाकडे बघत म्हणू लागली. "परत करायची घाई करू नका. आम्ही नवी करून घेतली. तुम्ही ज्या खिडकीतून इस्पितळाकडे बघत बसायचात, तिच्यासमोर आज एक मुलगी बसून केस विंचरत होती. खोली रिकामी ठेवली नाही, राग मानू नका. जुनी किल्ली तुमच्यापाशीच असू दे."

त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. त्यांनाही ते पाठ होतं.

"बाईंनी सांगितलं आणि तुम्ही लिहिलं, असं ना?" त्यांनी विचारलं. विचारताना आवाज लहान झाला होता.

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही," थोरली म्हणाली. "आईला हे पत्र माहीतही नव्हतं. किल्ली फळीवर नाही हे माझ्याच लक्षात आलं होतं."

"आणि ती मुलगी?"

"ती खरी होती. पत्रांत कधीच काही खोटं लिहिलं नाही. एवढं तरी..."

कुलूपवाल्यांनी गठ्ठ्यातली पत्रं एकावर एक नीट रचली, बॅगेत भरली आणि ते उठले.

"चार वर्षं मी बाईंपुढे हात जोडत आलो," ते म्हणाले. "तुमच्याशी मी कधी दोन वाक्यं बोललो नाही. पंपवाल्या म्हणून ओळखत होतो." त्यांनी धाकट्याकडे वळून मान लववली. "तुमची माफी मागतो. मजल्याचं मी आज काही बोलणार नाही. मला राग आलाय, आणि कुणावर आलाय ते मला अजून कळलेलं नाही."

त्यांनी गाडीच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात एक जुनी, लांब दांडीची किल्ली होती, बारा कोरलेली. ती त्यांनी बोटांनी फिरवली. टेबलावर ठेवतील असं वाटलं. मग जुडगा तसाच खिशात टाकून ते बाहेर पडले.

उरलेल्या चौघांनी ठराव केला. बाहेरचा व्यवस्थापक, त्याला पगार, अध्यक्षाला तीन वर्षांची मुदत. अध्यक्षपद तूर्त मेट्रनकडे. त्या नको नको म्हणत होत्या, पण वकिलीणबाईंनी त्यांचं काही चालू दिलं नाही. देणगीदारांना खरं काय ते कळवायचं, हेही ठरलं. किती जण पुढच्या वर्षी पैसे पाठवतील, यावर कुणीच बोललं नाही. सही करताना थोरलीचं नाव आईच्या वळणात उमटलं. तिने ते खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून सही केली. वाकडी आली, पण तिची आली.

वकिलीणबाई मेट्रनना रिक्षापर्यंत सोडायला गेली. शेजारच्या खोलीत यंत्र पुन्हा सुरू झालं. बहीणभाऊ दोघंच टेबलाशी उरले.

"मला का नाही सांगितलंस?" धाकट्याने विचारलं.

"तू विचारलं नाहीस."

"तू दमलीस का, हे विचारायला हवं होतं."

"मी नाही म्हटलं असतं."

तो कसनुसा हसला. मग त्याने खण उघडला आणि पावत्यांचा गठ्ठा बाहेर काढून बघितला. सवय अशी सहज जात नाही. कागद समोर दिसला की त्याला तो कुणाच्यातरी हातात द्यावासा वाटे.

"नवा माणूस यायला दोन-तीन महिने लागतील," तो म्हणाला. "ही एकसष्ट पत्रं तेवढी तू लिहून टाकशील ना? तुझ्या नावाने. तुला काय, तासाभराचं काम."

थोरलीच्या तोंडात 'बघते' आलंच होतं. ते तिने परत गिळलं.

"नाही," ती म्हणाली.

धाकट्याने मान वर केली. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. तिने आईचं पेन पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

"तू लिही. तुझ्या अक्षरात."

"माझं अक्षर म्हणजे... आणि लिहू तरी काय?"

"सात नंबरला जा. दार वाजव, बस जरा त्यांच्यापाशी. मग सुचेल."

त्याने पेन उलटसुलट करून पाहिलं आणि तो जिन्याकडे गेला. पहिल्या पायरीवर थांबला, मागे वळून बघितलं, आणि ती काही बोलत नाही असं पाहून वर चढला. थोरलीने पंपाचा पाना त्याच्या खुर्चीवर ठेवला. शेजारी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'तिसऱ्या ठोक्याला सुरू होतो.'

ती घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. नवऱ्याने डोळ्याचं भिंग काढलं. भिंतीवर सात घड्याळं होती, तरी त्याने मनगटावरचं पाहिलं.

"चारच वाजलेत. बरं नाही का?"

"बरं आहे," ती म्हणाली. "आज मी दोनदा नाही म्हटलं." आणि चपला काढायच्या आधीच, दारातल्या स्टुलावर बसून ती आईसाठी रडली. आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिला तेवढा वेळ मिळाला होता.